फ्युझीची साखळी का तुटली?

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलेलं हे खिशातलं घड्याळ संग्राहकांच्या बैठकीत हातोहात फिरलं होतं. जो तो हौसेनं थोडी थोडी चावी देत गेला आणि शेवटी 'खट्' आवाज होऊन चावी मोकळी फिरायला लागली. चांदीच्या केसवर इंग्लंडमधल्या चेस्टर शहराचा, चांदी तपासल्याचा छाप: गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार.  

आत इंग्लिश फ्युझी. एका बाजूला स्प्रिंगची डबी, दुसऱ्या बाजूला मळसूत्री खाचांचा शंकू (हीच फ्युझी), मध्ये सायकलच्या चेनच्या घडणीची बारीक साखळी. स्प्रिंग भरलेली असताना साखळी शंकूच्या अरुंद टोकावरून ओढते, ढिली पडत आली की रुंद बुडावरून. त्यामुळे चक्रांना जोर सारखा मिळतो.

साखळी तुटली की लोक नवी साखळी शोधायला धावतात. मी आधी अडसर बघतो. चावी भरत आली की साखळीचा शेवटचा वेढा एका छोट्या पोलादी बोटाला प्लेटकडे (यंत्र धरणाऱ्या पत्र्याकडे) ढकलतो आणि शंकूवरची चोच त्यावर अडते. इथे बोटाचं टोक झिजून गोल झालं होतं. चोच त्यावरून घसरली, डबीवरची साखळी संपली आणि सगळा ताण साखळीच्या टोकाच्या आकड्यावर आला. टोक चौकोनी घासून घेतलं, बोट जरा वाकवून चोचीच्या वाटेत आणलं.

मग साखळी. तुटलेला रिव्हेट काढला, एक कडी कमी केली आणि सुईच्या पोलादाला निळा रंग येईपर्यंत तापवून त्याचा रिव्हेट ठोकला. डोकं सपाट हवं, नाहीतर खाचेत अडकतं. दोन्ही टोकांचे आकडे वेगळे असतात: शंकूकडचा साधा गोल, डबीकडच्याला मागे टोक असतं. उलटे लावले तर साखळी नीट बसत नाही.

जोडताना डबीच्या दांड्याला अर्धा ते पाऊण फेरा आगाऊ ताण दिला. त्याचा रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं फिरू देणारं दातेरी चाक, तबकडीखाली असतो. हा ताण नसेल तर स्प्रिंग संपताना साखळी सैल होऊन डबीवरून उतरते. उघडताना मात्र हाच ताण घातक. दांड्याला चावी लावून, रॅचेटची खिट्टी उचलून, तो हळूहळू सोडल्याशिवाय एकही प्लेट सैल करू नये. पिव्हट (चक्रांच्या दांड्यांची बारीक टोकं) मोडतात ते इथेच. (या घड्याळात साखळी तुटल्यामुळे ताण आधीच गेला होता, तेवढी सोय.)

पहिली चावी मी भिंगातून बघत दिली, वेढे एकेका खाचेत बसताहेत ना याची खात्री करत. अडसर लागल्यावर थांबलो.

मालकाला सांगितलं: बहुतेक इंग्लिश फ्युझींची चावी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरते. बैठकीत घड्याळ दाखवायचं तर खुशाल दाखवा, पण चावी एकानंच द्यायची, आणि अडलं की तिथेच सोडायची.