एका बाइटने वेगळं झालेलं नाणं

जुनी हार्ड डिस्क साफ करताना परवा एक फोल्डर सापडला. आत एक वॉलेट फाईल (डिजिटल नाण्यांचं पाकीट), चार लॉग फाईली आणि माझ्याच हातची एक टीप : ‘३० दिवस थांबायचं. मध्ये कुणीही काहीही बदलायचं नाही.’ साल २०१४. टीप वाचून आधी हसू आलं, मग थोडी लाजही वाटली. ते तीस दिवस आम्ही इमानेइतबारे थांबलो होतो, आणि थांबण्यात काडीचाही अर्थ नव्हता.

तेव्हा आम्ही तिघांनी मिळून बिटकॉईनसारखं एक कॉईन, म्हणजे डिजिटल नाणं, काढलं होतं. विकायचं नव्हतं, श्रीमंतही व्हायचं नव्हतं (निदान मोठ्याने तसं कुणी बोललं नाही). त्या वर्षी जो तो कॉईन काढत होता आणि आम्हाला कोड वाचता येत होता, एवढंच कारण. नाव सांगत नाही. नाव ठरवताना आमच्यापैकी कुणीही शहाण्यासारखं वागलं नव्हतं.

थोडी वंशावळ सांगायला हवी. ऑगस्ट २०१२ मध्ये सनी किंग हे टोपणनाव घेतलेल्या माणसाने स्कॉट नडालबरोबर पीअरकॉईन आणलं. सुरुवातीचं नाव पीपीकॉईन. बिटकॉईनचाच कोड, पण ब्लॉक (व्यवहारांच्या वहीचं पुढचं पान) बनवण्याचा दुसरा रस्ता त्यात घातलेला : प्रूफ ऑफ स्टेक. बिटकॉईनमध्ये पुढचा ब्लॉक आपल्याला लागावा म्हणून यंत्र सेकंदाला कोट्यवधी वेळा नशीब आजमावतं, ते प्रूफ ऑफ वर्क, म्हणजेच माइनिंग. इथे तुमच्या वॉलेटातल्या प्रत्येक न खर्चलेल्या रकमेला सेकंदाला एकच तिकीट. ते तिकीट लागण्याची शक्यता रकमेवर आणि ती किती दिवस हलली नाही यावर ठरते. याला म्हणतात कॉईन-एज. पहिले ३० दिवस ती रक्कम सोडतीत बसतच नाही. ९० दिवसांनंतर वजन वाढायचं थांबतं. ब्लॉक लागला की वय पुन्हा शून्य, आणि तेव्हाच्या नियमाने वर्षाला १ टक्का या हिशोबाने नवी नाणी हातात.

फेब्रुवारी २०१३ मध्ये याच कोडमधून नोव्हाकॉईन निघालं. दोन्हींचा कोड शेजारीशेजारी उघडून पाहणं हा तेव्हा माझा रात्रीचा उद्योग होता. नेटवर्कवरच्या प्रत्येक संदेशाच्या तोंडाशी चार बाइट असतात. ती दारावरची परवलीची खूण, ती जुळली नाही तर समोरचा नोड (नेटवर्कवरचा दुसरा संगणक) तुमचं ऐकूनच घेत नाही. पीअरकॉईनचे बाइट : ई६, ई८, ई९, ई५. नोव्हाकॉईनचे : ई४, ई८, ई९, ई५. नीट पाहा. सहाचा चार केला आणि दोन नेटवर्कं एकमेकांना परकी झाली. न्याय म्हणून सांगतो, नोव्हाकॉईनने बाकी बरंच काम स्वतःचं केलं, माइनिंगसाठी स्क्रिप्ट (scrypt) नावाचा वेगळा अल्गोरिदम आणला. पण मला आवडला तो एक बाइट. संबंध घराची वाटणी एका अंकावर.

त्यानंतर रांगच लागली. नोव्हाकॉईनमधून याकॉईन. मग २०१४ च्या फेब्रुवारीत ब्लॅककॉईन : पहिले १०,००० ब्लॉक माइनिंग, ते आठवडाभरात उरकलं, आणि पुढे निव्वळ स्टेक. एकूण नाणी साडेसात कोटींच्या आसपास. त्याच काळातलं मिंटकॉईन पहिल्या वर्षी २० टक्के व्याज देऊ करत होतं, मग १५, मग १०, मग ५. २० टक्के ऐकून आमच्यातल्या एकाचे डोळे चमकले होते. सगळेच स्टेक करत असतील तर प्रत्येकाची नाणी २० टक्क्यांनी वाढतात आणि प्रत्येकाचा वाटा होता तेवढाच राहतो, हे त्याला कागदावर काढून दाखवावं लागलं. तोटा फक्त वॉलेट बंद ठेवणाऱ्याचा. तरी तो म्हणाला, “पण आकडा वाढतो ना?” वाढतो बाबा.

तर आमचं कॉईन. एका शनिवारी संध्याकाळी नोव्हाकॉईनचा कोड उतरवला. नाव बदललं, पोर्ट बदलला, ते चार बाइट बदलले, पत्त्याचं पहिलं अक्षर ठरवणारा आकडा बदलला. नवा जेनेसिस ब्लॉक, म्हणजे सगळ्यात पहिला ब्लॉक, काढला. त्यात एक वाक्य कोरायची पद्धत आहे : पीअरकॉईनच्या जेनेसिसमध्ये ७ ऑगस्ट २०१२ च्या एका लेखाचं शीर्षक आहे, ब्लॅककॉईनच्यात अमेरिकेत बिटकॉईनची एटीएम आल्याची बातमी. आमच्यात काय घालायचं यावर वाद झाला तेवढा बाकी कशावर झाला नाही. सगळ्यात जास्त वेळ गेला तो चिन्हाच्या चित्रात. माइनिंगची मर्यादा मात्र दोन मिनिटांत ठरली : ब्लॅककॉईनसारखी, पण लहान. मिनिटाला एक ब्लॉक, पहिले १००० ब्लॉक माइनिंगने, पुढे स्टेक.

हजार मिनिटं म्हणजे साधारण सतरा तास. रविवारी दुपारी हजारावा ब्लॉक आला आणि चेन, म्हणजे ब्लॉकांची साखळी, थांबली.

का थांबली ते लगेच कळलं. नोव्हाकॉईनमधला किमान वयाचा आकडा, ३० दिवस, आम्ही तसाच ठेवला होता. आमचं सगळ्यात जुनं नाणं सतरा तासांचं. सोडतीत बसायला कुणीच नाही. मग ती टीप लिहिली. आकडा बदलून पुन्हा सुरुवात करता आली असती, पण आम्हाला वाटलं, खरी नाणी पिकू द्यावीत. पिकू द्यावीत! आंब्याच्या अढीसारखं रोज एकदा लॅपटॉप उघडून बघायचो.

एकतिसाव्या दिवशी तिघांनी वॉलेटं उघडली. ब्लॉक एक हजार. पुढे ढिम्म हलत नाही.

दोन दिवस आम्ही एकमेकांच्या इंटरनेटवर संशय घेतला. मग लॉग बघायला लागलो. स्टेक मॉडिफायर नावाची एक भानगड तिथे पुन्हा पुन्हा नकार देत होती. स्टेकच्या सोडतीचे नियम असलेली कर्नल डॉट सीपीपी ही फाईल मी तोवर चाळली होती, वाचली नव्हती. त्या रात्री वाचली.

मुद्दा असा. तिकीट सेकंदाला एकच असेल, तर हुशार माणूस आपलं नाणं कोणत्या सेकंदाला लागणार हे आधीच मोजून ठेवेल. ते जमू नये म्हणून सोडतीत एक आकडा मिसळला जातो, तो मॉडिफायर. तो ६४ बिटांचा, प्रत्येक बिट एकेका ब्लॉकमधून उचललेला. आणि तुमच्या नाण्यासाठी जो मॉडिफायर लागतो तो त्या नाण्याच्या नंतर चेन बरीच पुढे गेल्यावर तयार झालेला असावा लागतो, म्हणजे नाणं मिळालं त्या क्षणी तो कुणालाच ठाऊक नसतो. पुढे म्हणजे किती? कोडमध्ये ६ तास हा मूळ आकडा, त्याचे ६४ असमान तुकडे, शेवटचा ६ तासांचा, पहिला २ तासांचा. कागदावर बेरीज केली. जवळजवळ नऊ दिवस.

आमची चेन सतरा तासांची. तिच्यावरच्या कुठल्याच नाण्यापुढे नऊ दिवसांचे ब्लॉक नव्हते आणि कधी होणारही नव्हते. ब्लॉक हवा तर मॉडिफायर हवा, मॉडिफायर हवा तर ब्लॉक हवेत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. तीस दिवस काय, तीस वर्षं थांबलो असतो तरी तेच.

मग ब्लॅककॉईनचा कोड नव्या नजरेने पाहिला. तिथे ६ तासांच्या जागी १० मिनिटं. त्याच बेरजेने नऊ दिवसांचे साधारण सहा तास होतात. किमान वय ८ तास, म्हणजे त्या सहापेक्षा जास्त. आणि माइनिंग आठवडाभर, म्हणजे दोन्हींना पुरून उरेल एवढं. तिन्ही आकडे एकमेकांना धरून उभे होते. आम्ही त्यातला एक उचलला होता आणि दोन जुन्या घरातले ठेवले होते. नक्कल करणाऱ्यांना लोक हसतात, मीही हसत होतो. पण कुठले आकडे एकमेकांना बांधलेले आहेत हे कळून केलेली नक्कल वेगळी, आणि आमची वेगळी.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा चेन चालली. आणि इथे खरी गंमत कळली, जी कोडमध्ये कुठेच लिहिलेली नाही.

माइनिंगच्या काळात माझं यंत्र जास्त वेळ चालू होतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक नाणी माझ्याकडे. साहजिकच स्टेकचे निम्म्याहून अधिक ब्लॉकही माझे. वॉलेटात ओळीने ‘मिंटेड, मिंटेड, मिंटेड’. मीच ब्लॉक लावतोय, मीच ते मंजूर करतोय, मलाच व्याज. प्रूफ ऑफ वर्कच्या कॉईनवर अविश्वास असेल तर बाहेरून कुणीतरी वीज आणि यंत्रं घेऊन येऊ शकतो. इथे बाहेरून काही आणताच येत नाही. आत यायचं तर आतल्यांकडूनच नाणी घ्यायची. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्याच्या हाती जे पडलं, तीच त्या कॉईनची सुरक्षा, आणि ती कॉपी करता येत नाही.

नेक्स्ट या प्रूफ ऑफ स्टेकच्याच दुसऱ्या कॉईनच्या बाबतीत हे उघड्यावर होतं. बीसीनेक्स्ट या टोपणनावाने कुणीतरी २०१३ च्या सप्टेंबरात घोषणा केली, ७३ जणांनी मिळून २१ बिटकॉईन पाठवले, आणि नोव्हेंबरात सगळीच्या सगळी १०० कोटी नाणी त्या ७३ खात्यांत जमा झाली. माइनिंग नाहीच, नवी नाणी कधीच नाहीत. फोर्जिंग (ब्लॉक बनवण्याला तिथलं नाव) करणाऱ्याला फक्त व्यवहारांची फी. कोड बिटकॉईनचा नाही, जावामध्ये नव्याने लिहिलेला. जेनेसिसच्या फाईलमध्ये दोन याद्या : ७३ खाती आणि ७३ रकमा. नक्कल करणाऱ्याला या दोन याद्या बदलल्या की नवं कॉईन तयार, आणि सगळी नाणी कुणाची ते त्याच्याच हातात. हे काय होणार ते नेक्स्टवाल्यांना दिसत होतं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी कोड खुला केला तो तीन चुका मुद्दाम पेरून, आणि शोधणाऱ्याला बक्षीस लावून. आंधळेपणाने उतरवणाऱ्याने पाय त्यात घालावा म्हणून. आमच्यासाठी कुणी चुका पेरल्या नव्हत्या, आम्ही स्वयंपूर्ण होतो.

तरीही पिल्लं निघालीच, होरायझन त्यातलं नाव मिळवलेलं. पुढे नेक्स्टचा कोड सांभाळणाऱ्या जेलुरिडा कंपनीने वेगळाच तोडगा काढला. परवान्यातच अट घातली : आमच्या कोडवरून कॉईन काढा, पण त्यातली १० टक्के नाणी नेक्स्टधारकांना वाटा. कायद्याने हे कितपत वसूल होईल तो भाग निराळा, पण दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं असं मला वाटतं. कोड न्या, हरकत नाही, पण वाटणी कोरी सुरू करू नका.

पीअरकॉईनच्या घराण्यात आणखी एक कुलूप होतं. सुरुवातीच्या नाजूक काळासाठी चेकपॉइंटची सोय : एका गुप्त चावीने सही करून ‘इथवरची चेन पक्की’ असं साऱ्या नेटवर्कला सांगता यायचं. केंद्रीकरण म्हणून यावर टीका खूप झाली, रास्तच. त्या चावीची सार्वजनिक बाजू (सही खरी का ते तपासणारी) कोडमध्ये लिहिलेली असायची. आम्ही ती बदललीच नव्हती. म्हणजे आमच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली अशा माणसाच्या खिशात, ज्याला आमचं दार आहे हेच माहीत नव्हतं. हे मला परवा, तो फोल्डर उघडल्यावर दिसलं.

आमच्या कॉईनचं काय झालं? काही झालं नाही. एकाने नवा लॅपटॉप घेतला आणि वॉलेट हलवलं नाही. दुसऱ्याला कंटाळा आला. राहिलो मी. सत्तर टक्के नाणी एव्हाना माझी असतील, पण याच घराण्याच्या कोडमध्ये एक छोटी अट आहे : समोर एकही नोड जोडलेला नसेल तर वॉलेट ब्लॉक बनवायला बसतच नाही, नुसतं वाट बघतं.

परवा जुनं वॉलेट पुन्हा कंपाईल केलं. तीन तास लायब्ररींशी भांडण. शेवटी खिडकी उघडली, आम्ही भांडून काढलेलं ते चिन्ह कोपऱ्यात. रक्कम होती तेवढीच, वय नऊ-दहा वर्षांच्या पलीकडे. खालच्या पट्टीतल्या करड्या बाणावर माउस नेला. वॉलेट ऑफलाईन आहे म्हणून स्टेकिंग चालू नाही, असं तो म्हणाला. जोडण्या शून्य.

चालू ठेवलंय अजून. त्या कंटाळलेल्या मित्राला रात्री मेसेज टाकला, तुझी फाईल कुठे आहे बघ म्हणून. “कुठली फाईल?” असं उत्तर आलंय.