"दिसतेस तर ठणठणीत!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी हसून विषय बदलते. प्रश्न ठरलेला असतो, "दिसतेस तर ठणठणीत, मग दर तीन आठवड्यांनी सलाईन कसलं लावतेस? अजून बरं नाही झालं?"

मला सीआयडीपी आहे. पूर्ण नाव क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलीन्यूरोपॅथी, जे न अडखळता म्हणायला मलाच दोन महिने लागले. आपलीच रोगप्रतिकारशक्ती हातापायांच्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत हो, "नस दबली असेल, मालिश कर" सांगणारे पुष्कळ भेटलेत. आवरण शाबूत असलं की मेंदूचा निरोप उड्या मारत जातो, सेकंदाला साधारण 50 मीटर, आणि ते गेलं की निरोप रांगतो नाहीतर वाटेतच बसकण मारतो.

माझी सुरुवात चपलेनं झाली. रस्त्यात एक चप्पल पायातून निसटली आणि मला पत्ताच नाही, मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा मी दहा पावलं पुढे गेले होते. मग तळव्यांना मुंग्या, मग जिना चढताना कठडा, मग एक दिवस जमिनीवर बसले ती उठताच येईना. हे सगळं चार महिन्यांत, हळूहळू, त्यामुळे आधी बी12च्या गोळ्या आणि "टेन्शन घेऊ नका" यातच वेळ गेला. पण निदानाला तोच हळूहळूपणा कामी आला, कारण याचा चुलतभाऊ, गियाँ-बारे नावाचा नसांचाच आजार, चार आठवड्यांच्या आत जो काय धिंगाणा घालायचा तो घालतो, सीआयडीपी आठ आठवडे उलटले तरी वाढतच राहतो. न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ढिम्म. मग एनसीव्हीचे, म्हणजे नसांमधून निरोप किती वेगानं जातो ते मोजणाऱ्या तपासणीचे, शॉक (कटकटीचे, पण सहन होतात), मणक्यातलं पाणी काढलं, त्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी नॉर्मल.

उपचार मुख्य तीन, स्टेरॉइड, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं आणि आयव्हीआयजी. स्टेरॉइडनं माझी झोप उडाली आणि साखर वाढली म्हणून ते सुटलं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या अँटीबॉडीज, हेच माझं सलाईन. सुरुवातीला वजनाच्या किलोमागे 2 ग्रॅम, काही दिवसांत वाटून, नंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे 1 ग्रॅम. थेंब थेंब, सावकाश. एकदा घाईत स्पीड वाढवला आणि दोन दिवस डोकं असं ठणकलं की उजेड नको झाला, तेव्हापासून आदल्या दिवसापासूनच पाणी पीत राहते.

आता तुमचं "बरं नाही झालं?" तर या अँटीबॉडीज शरीरात टिकत नाहीत, साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतात. माझ्याकडे मुठीनं दाबायचं एक यंत्र आहे, रोज सकाळी दाबते आणि वहीत आकडा लिहिते. सलाईननंतर आठवड्याभरानं 24 किलो, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी 16. तुम्ही मला भेटता ते बहुतेक 24च्या दिवसांत, कारण 16च्या दिवसांत मी कुठे जातच नाही. ठणठणीत दिसते ती त्या सलाईनमुळे, आणि नेमकं तेच बघून लोक म्हणतात आता बंद कर!

बंद करून बघितलंच नाही असंही नाही. काही जणांचा आजार खरंच शांत होतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून अंतर वाढवून बघतात. गेल्या वर्षी माझं पाच आठवड्यांवर नेलं होतं. चौथ्या आठवड्यात कुलपात किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले, पाचव्यात शेजारच्या मुलीला हाक मारावी लागली. जास्त ताणायचंही नाही, कारण आवरण पुन्हा तयार होतं पण आतला तंतूच तुटला तर तो पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. डाव्या पायाची दोन बोटं माझी तशीच बधिर राहिलीत.

पुढच्या महिन्यात चार आठवड्यांचा प्रयोग करायचाय. सध्याचं सलाईन मंगळवारी आहे, आणि आज सकाळी सेफ्टी पिन हातातून तीनदा सुटली.