अडलेला रन आणि उलटणारा डायफ्राम

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी विश्लेषणाचे काम करते, तिथे रासायनिक उद्योगांसाठी व्हॉल्व्ह बनतात. त्यांपैकी एका छोट्या व्हॉल्व्हमध्ये नायट्राइल रबराचा घुमटाकार डायफ्राम (लवचिक पडदा) आहे. त्याच्या फुगीर बाजूवर हवेचा दाब दिला की तो खाली दबून सीटवर, म्हणजे छिद्राच्या कडेवर, बसतो आणि प्रवाह बंद करतो. या डायफ्रामचे फायनाइट एलिमेंट मॉडेल, म्हणजे त्याचे लहान लहान तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर केलेले गणित, पूर्ण दाबाच्या ४० टक्क्यांच्या आसपास येऊन अडत असे. सॉफ्टवेअर इन्क्रिमेंट (दाब वाढवण्याची पायरी) लहान करी, मग आणखी लहान करी, आणि अखेर ठरवून दिलेल्या किमान पायरीच्याही खाली जाण्याची वेळ आली की रन बंद पडे. अहवालाची तारीख जवळ आल्यावर जो उपाय सर्वांत आधी सुचतो, तो त्या दिवशी सकाळच्या बैठकीतही सुचवला गेला : टॉलरन्स (समतोलात चालवून घ्यायच्या तफावतीची मर्यादा) सैल करावा. मला तो मान्य नव्हता, कारण टॉलरन्स सैल केल्याने समतोल साधला जात नाही, साधल्याची नोंद तेवढी होते.

बैठकीनंतर मी आणि माझी कनिष्ठ सहकारी मेसेज फाइल (सॉफ्टवेअरने ठेवलेली रनची नोंद) वाचायला बसलो. प्रत्येक पायरीचे उत्तर सॉफ्टवेअर न्यूटन-रॅफसन पद्धतीने, म्हणजे अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत, काढते. ही पद्धत उत्तराच्या जवळ असली की शिल्लक बल (समतोलातली उरलेली तफावत) प्रत्येक आवर्तनात झपाट्याने घटते. शतांशावरून दशसहस्रांशावर येते आणि पुढच्याच आवर्तनात नगण्य होते. आमच्या फाइलमध्ये ते थोडे घटून पुन्हा उसळत होते आणि सोबत स्टिफनेस मॅट्रिक्समध्ये (रचनेच्या ताठरपणाच्या कोष्टकात) ऋण आयगेनमूल्य असल्याचा, म्हणजे कुठेतरी अस्थिरता आल्याचा, इशारा येत होता. रबर जवळजवळ असंपीड्य (दाबून आकारमान न घटणारे) असल्याने उद्भवणारी अडचण इथे नव्हती. त्याचा आकारमान गुणांक (आकारमान बदलण्याला होणारा विरोध) २००० मेगापास्कलच्या घरात आणि कर्तन गुणांक (आकार बदलण्याला होणारा विरोध) जेमतेम एक मेगापास्कलच्या आसपास असतो, म्हणून दाबाला स्वतंत्र अज्ञात मानणारी हायब्रिड एलिमेंट आम्ही आधीच घेतली होती.

“ताई, इथे बघा,” असे म्हणत सहकारीने मटेरियलच्या तपासणीचा तक्ता पुढे केला. रबर ताणाला कसे तोंड देते हे मांडणाऱ्या मूनी-रिव्हलिन मॉडेलचे दोन गुणांक एका बाहेरच्या प्रयोगशाळेने केवळ एकअक्षीय ताण चाचणीवरून काढून पाठवले होते : पहिला ०.५ मेगापास्कल, दुसरा उणे ०.२. एकाच दिशेने ताणताना दुसऱ्या गुणांकाला ताणाच्या पटीने भागले जाते, त्यामुळे त्याचा प्रभाव ओसरत जातो आणि आलेख निर्दोष दिसतो. दोन्ही दिशांनी सारखे ताणताना मात्र त्याच गुणांकाला त्या पटीच्या वर्गाने गुणले जाते. या आकड्यांनुसार मूळ लांबीच्या सुमारे १.२५ पट ताणानंतर प्रतिबल वाढण्याऐवजी घटू लागते, म्हणजे कागदावरचे हे रबर ताणावे तसे अधिकच लुळे पडते. खरे रबर असे वागत नाही.

द्विअक्षीय ताण देणारे यंत्र आमच्याकडे नाही. परंतु असंपीड्य पदार्थाच्या बाबतीत एका दिशेने दाबणे हे उरलेल्या दोन दिशांनी ताणण्याशी समतुल्य असते, एवढ्या आधारावर काम भागते. आमच्या चाचणी विभागातल्या काकांनी रबराच्या गोल बटणी काढल्या आणि दोन्ही प्लेटींना सिलिकॉन ग्रीस लावले. “अहो, ग्रीसशिवाय दाबलंत तर पोट सुटतं त्याचं, मग तुमचे आकडे काय कामाचे?” असे ते म्हणाले, आणि ते अक्षरशः खरे आहे : प्लेटींशी घर्षण झाले की दाब एकसारखा राहत नाही. दाबण्या-सोडण्याच्या पहिल्या काही आवर्तनांत रबर मऊ पडते, म्हणून ती आवर्तने सोडून पुढच्या नोंदी घेतल्या. ताण आणि दाब या दोन्ही चाचण्या एकत्र धरल्यावर दुसरा गुणांक लहान, पण धन आला.

आणि रन पुन्हा त्याच दाबाला अडला.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिले असे मात्र म्हणता येणार नाही, कारण या संन्याशाचा हात पुढच्या एका चोरीत होताच. पण तूर्त प्रश्न असा होता की मटेरियल आता कोणत्याही ताणात स्थिर असताना ऋण आयगेनमूल्य येते कुठून? मटेरियलची अस्थिरता एकट्या एलिमेंटला ताणूनही दिसते. भूमितीची अस्थिरता संपूर्ण रचनेतच दिसते. मी घुमटाच्या मध्यबिंदूचे विस्थापन दाबासमोर मांडले. दाबाच्या प्रत्येक समान वाढीला मध्यबिंदू आधीपेक्षा जास्त खाली जात होता आणि शेवटी वक्र जवळजवळ उभा झाला होता. त्या दाबाच्या पुढे त्या आकाराला समतोलच नव्हता. घुमट उलटणार होता, आणि दाब वाढवत नेणाऱ्या गणिताला ते उलटणे ओलांडता येत नाही.

अशा ठिकाणी आर्क-लेंग्थ पद्धत वापरतात; तिच्यात दाब आणि विस्थापन दोन्ही अज्ञात धरून वक्राच्या कडेने पुढे सरकतात. रिक्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत याच घराण्यातली. पण पुढे सीटशी कॉन्टॅक्ट (स्पर्श) येणार असल्याने तिच्यावर माझा फारसा भरवसा नव्हता. कृत्रिम डँपिंगने (हालचालीला घातलेल्या गणिती अटकावाने) रन पुढे सरकला असता, मात्र त्यात खर्ची पडलेली ऊर्जा विकृती ऊर्जेच्या (रबर ताणल्याने त्यात साठणाऱ्या ऊर्जेच्या) तुलनेत नगण्य आहे हे दर वेळी दाखवावे लागले असते. म्हणून डायफ्रामच्या वरची पोकळी बंद मानून तिच्यात ठरावीक आकारमानाचा द्रव भरत जायचा आणि दाब हे उत्तर म्हणून काढायचे, असे मी ठरवले. दाब वाढला, शिखराला पोचला, निम्म्याच्या आसपास उतरला आणि डायफ्राम सीटला टेकल्यावर पुन्हा चढू लागला. सीटशी घर्षण असल्याने तिथे असममित सोल्व्हर (असममित मॅट्रिक्स सोडवणारी पद्धत) निवडावा लागला. शेवटी सीटच्या छिद्रात रबर फुगून दोन्ही दिशांनी ताणले गेले. जुने गुणांक ठेवले असते तर इथे घोडे पुन्हा पेंड खायला बसले असते.

आतापर्यंतचे मॉडेल अक्षसममित होते, म्हणजे एकच छेद अक्षाभोवती फिरवलेला धरला होता; त्यात घुमट एका बाजूने आधी कलंडू शकत नाही, म्हणून रात्री त्रिमितीय मॉडेलही लावून ठेवले. त्यात तो खरोखरच कलंडला आणि शिखराचा दाब आणखी खाली आला. या उलटण्याशी जुळणारी एक खूणही होती : व्हॉल्व्ह बंद होताना टक् असा आवाज होतो, ही ग्राहकाची तक्रार रचना विभागाकडे पूर्वीच नोंदलेली होती. घुमटाची उंची कमी केल्यावर वक्रातली घसरण नाहीशी झाली, पण डायफ्रामचा प्रवासही कमी झाला. त्याची भरपाई करण्यासाठी सीट वर उचलावी लागणार होती, म्हणजे बॉडीच्या ओतकामाचा पॅटर्न (साचा घडवण्याचा नमुना) बदलावा लागणार होता, आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर घालायचा यावर पुढची बैठक झाली.