सात नंबरच्या टेबलावरची रिकामी खुर्ची

ओसाकातल्या सभागृहात दुपारी अडीचची घंटा वाजली. बारा टेबलांवरची माणसं उठली, त्यांच्या जागी दुसरी बसली. सात नंबरच्या टेबलावर मात्र एकच गृहस्थ येऊन बसले. सत्तरीच्या आसपासचे, राखाडी कोट, पाठ ताठ. त्यांनी मेइशीचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डांचं पाकीट समोर नीट ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. ती खुर्ची माझ्या चुकीमुळे रिकामी होती.

हा प्रवास होता जपानमध्ये प्रशिक्षण घेऊन गेलेल्या लोकांच्या व्यवसाय परिषदेचा. एओटीएस ही संस्था 1959 पासून परदेशी तंत्रज्ञांना आणि व्यवस्थापकांना जपानी कारखान्यांची कामाची पद्धत शिकवत आली आहे. तिथे शिकणाऱ्यांना 'केन्शुसेई' म्हणतात, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला 'दोसोकाई'. या शब्दाचा अक्षरशः अर्थ आहे, एकाच खिडकीतल्यांचा मेळावा. मीही त्यातलीच एक. हा शब्द मला फार आवडतो, आणि खरं सांगायचं तर त्या एका शब्दाच्या ओढीनं मी ही परिषद अंगावर घेतली.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, परिषद भरवणं म्हणजे हॉल, जेवण आणि भाषणं. माझे आठ महिने गेले कागदात. व्हिसासाठी जपानमधल्या यजमानांकडून निमंत्रणाचं पत्र, हमीपत्र, दिवसवार कार्यक्रम आणि सगळ्या पाहुण्यांची यादी लागत होती. त्या यादीतलं प्रत्येक नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव असतं, कुणी ते लिहितं, कुणी गाळतं. एका तरुण उद्योजकाचं नाव मी त्याच्या ईमेलवरून उतरवलं आणि पासपोर्टशी ताडून पाहिलं नाही. वडिलांचं नाव राहून गेलं. दुरुस्त कागद मिळेपर्यंत विमान निघून गेलं होतं. तो कृषी अवजारांचे सुटे भाग बनवतो. एक विशिष्ट स्प्रिंग त्याला दोन वर्षं मनासारखी मिळत नव्हती, आणि सात नंबरच्या टेबलावरची ती वीस मिनिटं मी खास त्याच्यासाठी राखली होती. तेव्हापासून मी कुणाचंही नाव पासपोर्टची प्रत समोर असल्याशिवाय लिहीत नाही.

तोक्योतले दोन दिवस उद्घाटन, भाषणं आणि सामूहिक फोटोंत गेले.

तिथून शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, निघालो. वाटेत क्योतोला उतरायचं होतं, आणि नोझोमी गाडी क्योतोला जेमतेम मिनिटभर थांबते. अडतीस माणसं, त्यांच्या बॅगा आणि एक मिनिट, या हिशेबानं मला आदल्या रात्री झोप लागली नाही. शेवटी मोठ्या बॅगा घरपोच सामान नेणाऱ्या सेवेनं परस्पर ओसाकाच्या हॉटेलवर पाठवल्या आणि लोकांना दोन डब्यांच्या चार दारांत वाटून दिलं. सगळे उतरले. ज्यांनी "माझी बॅग मी सोडणार नाही" म्हणून आदल्या दिवशी माझ्याशी वाद घातला, त्यांची बॅग दारात अडकली आणि तीन माणसं तिच्या मागे. गर्दीचा राग मला येत नाही. सांगितलेलं न ऐकणाऱ्या एकट्या माणसाचा येतो.

ओसाकातल्या भेटींचं वेळापत्रक माझंच होतं, आणि ते चुकलं होतं हे पहिल्या तासातच कळलं. मोठ्या सभागृहात काचेच्या खोलीत दोन दुभाषी बसतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी आलटून पालटून बोलतात. तिथे अडचण नव्हती. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी आपल्या मराठीसारखं. त्यामुळे इंग्रजीत सांगणारा दुभाषी श्वास रोखून शेवटाची वाट बघतो, हे ऐकायलाही मला आवडतं. टेबलावर मात्र एकानं बोलायचं, मग दुभाष्यानं सांगायचं. वीस मिनिटांची दहाच उरतात. त्यातली चार कार्डं देण्याघेण्यात जातात. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी शेवटी "केन्तो शिमासु", विचार करतो, म्हणून उठत. त्यात नेहमीच नकार नसतो. त्यांना आधी ऑफिसात एकेकाशी बोलून 'नेमावाशी' करावी लागते. झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करायची, तिथून तो शब्द आलाय. आमच्या लोकांना मात्र सही हवी होती. चेहरे पडत चालले होते.

आणि सात नंबरवर ते गृहस्थ एकटे. ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाका शहरातल्या एका छोट्या कारखान्याचे मालक. वेळ संपेपर्यंत ते उठणार नाहीत, हे मला दिसत होतं. माफी मागायला निघाले, तेवढ्यात मागून काका आले. आमच्यातले सगळ्यात वयस्कर, डाय, म्हणजे धातूला आकार देणारे साचे, बनवण्यात हयात गेलेले.

"ते एकटेच का बसलेत गं?"

मी कारण सांगितलं.

"मग मी बसतो की."

"काका, त्यांचा विषय स्प्रिंगचा आहे. तुमचा नाही."

"असू दे. माणूस ताटकळलाय ना."

ते गेले, दोन्ही हातांनी कार्ड पुढे केलं, वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "माइदो!"

ओसाकाच्या व्यापाऱ्यांचा हा नमस्कार. हिगाशी-ओसाकातल्या छोट्या कारखानदारांनी एकत्र येऊन जो उपग्रह बनवला आणि जो 2009 च्या जानेवारीत एच-टू-ए रॉकेटवरून अवकाशात गेला, त्याचं नावही 'माइदो-1' आहे. मालकांनी चमकून वर पाहिलं. काकांनी लगेच विचारलं, "मोकारिमाक्का?" धंद्यात बरकत आहे का?

"बोचिबोचि देन्ना," मालक म्हणाले. चाललंय हळूहळू. आणि इतक्या जोरात हसले की शेजारची टेबलं वळून बघायला लागली. असं आता कुणी बोलत नाही, माझे वडील बोलायचे, असं ते सांगत होते. काका ऐंशीच्या दशकात आले होते. सहा आठवडे वर्गात सभ्य जपानी शिकले आणि मग वर्षभर ओसाकातल्या डाय शॉपमध्ये तिथल्या कामगारांची भाषा. दुभाषी मुलगी तोक्योची. तिनं दोन मिनिटांत वही मिटून ठेवली.

घंटा वाजली तरी दोघे उठले नाहीत. मी उठवलंही नाही. पुढच्या जोडीला दहा नंबरवर पाठवलं. तेवढ्यात काकांनी मला खूण केली. न आलेल्या मुलाचं ड्रॉइंग माझ्या फाइलमध्ये होतं, त्यानं या भेटीसाठीच पाठवलेलं. मालकांनी ते उलगडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि एका मापाभोवती पेन्सिलनं गोल केला. इथे अडतंय, म्हणाले. उद्या सकाळी कारखान्यावर या.

दुसऱ्या दिवशी सगळे ओसाकाचा किल्ला बघायला गेले. आम्ही चौघं किन्तेत्सु रेल्वेनं हिगाशी-ओसाकातल्या फुसे स्टेशनवर उतरलो आणि मालकांच्या मागे चालत गेलो. अरुंद गल्ली, घरांना चिकटलेले कारखाने, शटर अर्धं वर. आत पाच-सहा कामगार आणि काही मशिनं माझ्या वयाहून जुनी. चहा आला, पण मालक बसले नाहीत. त्यांनी एक पाकीट आणून माझ्या हातात दिलं. आत तीन स्प्रिंगा. पहाटे स्वतः गुंडाळल्या होत्या. पाकिटावर त्या मुलाचं नाव काताकाना लिपीत लिहिलं होतं, माझ्या यादीवरून उतरवलेलं, वडिलांचं नाव नसलेलं. मला मान वर करता येईना.

फुसेच्या प्लॅटफॉर्मवरून मी त्याला फोन लावला. पुन्हा माफी मागायला सुरुवात केली.

"ते राहू द्या ताई," तो म्हणाला. "आधी सांगा, तार किती मिलिमीटरची घेतलीय त्यांनी?"

काकांनी पिशवीतून माप घ्यायचा व्हर्नियर काढला, बाकावर बसून एक स्प्रिंग त्यात धरली आणि फोन माझ्या हातातून घेतला.