मे महिन्याचं पाणी ऑक्टोबरात ठरतं

1 मेच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की मला आताशा राग येतो. तोवर पऱ्या, म्हणजे गावचा ओढा, आटलेला असतो, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, वाडीची विहीर तळाला गेलेली असते आणि ठराव एकच करता येतो: टँकर मागवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावानं हा ठराव करायचा! मी गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे. खाली समुद्राच्या अंगाला आमचं आगर, म्हणजे माडांची बाग, आहे आणि उन्हाळ्यात आम्ही पर्यटकांना खोल्या देतो. पाणी वाटणाऱ्यांत मी आहे आणि उपसणाऱ्यांतही, म्हणून हे लिहायला हवं असं वाटतं.

1951 साली देशात माणशी वर्षाला 5177 घनमीटर पाणी होतं, 2011 मध्ये ते 1545 वर आलं. 1700 च्या खाली गेलं की ताण सुरू झाला असं धरतात. पण वर्षाची सरासरी काढून कोकण कळत नाही. आमचा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्र फार लांब नाही आणि मधे जांभा. जांभा सच्छिद्र. पाणी त्यातून झरझर खाली उतरतं, खालच्या चिकण मातीच्या थरावरून सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडतं. त्यामुळे खाली आमच्याकडे पाणी बराच काळ टिकतं आणि वर सड्यावर सगळ्यांत आधी संपतं. वरच्या वाडीतली एक वहिनी मागे मला म्हणाली, "ताई, नळाला पाणी कमी आलं की तुम्ही पंप लावता. आम्ही काय लावायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासऱ्यांच्या वेळेपर्यंत आमच्या बाजूची आगरं पाटाच्या पाण्यावर होती. भात कापून झालं की घरटी एक माणूस ओढ्यावर जायचा. दगडमातीचा बांध घालायचे, पाटातला पालापाचोळा काढायचे, मग पाळ्या लागायच्या. कुणाची पहाटे, कुणाची मध्यरात्री कंदील घेऊन. ज्या घरचं माणूस बांधाला आलं नाही त्या घरची पाळी मागे जायची. ओढा लवकर बारीक झाला तर पाळी आखूड व्हायची, आणि ती सगळ्यांचीच. मला यातलं हे शेवटचं फार मोलाचं वाटतं. पाणी किती उरलंय ते बघून प्रत्येकाचा वाटा कमी करायची रीत गावाकडे होती, ती कुणी सरकारी माणसानं येऊन शिकवली नव्हती. घरोघरी पंप आले, बोअर पडल्या, पाळ्या गेल्या. जमिनीखालचं पाणी मात्र अजूनही सामाईकच आहे.

किनाऱ्यावर याचा फटका वेगळा बसतो. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या साधारण 40 पट खोलीपर्यंत ते खाली असतं. म्हणजे उपशानं वरची पातळी 1 फूट उतरून तशीच राहिली तर खालचं खारं पाणी कालांतरानं 40 फूट वर सरकू शकतं. एकानं बोअर खोल नेली की शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागतं, आणि ते पुन्हा गोडं व्हायला पावसाळे जावे लागतात.

मागणी तर नेमकी मे महिन्यातच चढते. चाकरमानी येतात, पर्यटक येतात. जलजीवन मिशन गावासाठी माणशी दिवसाला 55 लिटर धरतं, शहराच्या योजनांत 135 धरतात. पाहुणे सवय घेऊन येतात ती शहरातली. त्यांना दोष देण्यापेक्षा सोय आपण बदलावी. आमच्याकडे समुद्रावरून आलेल्यांसाठी बाहेर नळ आणि बादली आहे, ते पाणी केळींना जातं. आगरातही तसंच. माडाला उन्हाळ्यात ठिबकनं दिवसाला 30 ते 40 लिटर पुरतं, आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची साल, पुरली तर ओल आणखी टिकते. पाइप सोडून जेवायला जाणारे माझ्या घरातही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण चालू आहे.

आणि सड्यावर? 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला 3 लाख लिटर पडतं. पाच माणसांच्या घराला 55 लिटरनं मार्चपासूनचे शंभर दिवस काढायला साडेसत्तावीस हजार लिटर लागतं. नुसतं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं धरलं तर 10 हजार लिटरची झाकलेली टाकी भरपूर झाली. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून भरायचं. तिकडे कोयनेचं पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं, ते वर आणायचं तर पाइप हवा आणि वीजबिलही. ती मागणी करत राहूच, पण छपरावरचं पाणी कुणाला विचारायला नको.

बांध घालायचा तर ओढा वाहता असताना, पाळ्या ठरवायच्या तर विहिरी भरलेल्या असताना. म्हणून येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी तीन ठराव मांडणार आहे. वित्त आयोगाचा जो निधी पाण्यासाठी येतो त्यातून सड्यावरच्या घरांना टाक्या. दिवाळीच्या आत पऱ्यावर वनराई बंधारे, म्हणजे पोत्यांत माती भरून घातलेले तात्पुरते बांध, घरटी एक माणूस. आणि होळीनंतर किनाऱ्यावरच्या पंपांना ठरलेले तास, खोल्या देणाऱ्यांना मीटर, त्यातला पहिला आमच्याकडे. टाक्यांचा ठराव सुरुवातीलाच घ्या असं सरपंचांना सांगून ठेवलंय, कारण शेवटच्या विषयापर्यंत वरच्या वाडीतल्या बायका थांबू शकत नाहीत, त्यांना अंधाराच्या आत चढण चढायची असते.