फ्रान्समध्ये फिलॉसॉफीची पीएचडी आणि पुढचं क्वालिफिकेशन: माझा अनुभव

पुण्यात एम.ए. करून पॅरिसला आले तेव्हा जो तो सांगायचा की इथे आग्रेगासियाँ, म्हणजे शिक्षक भरतीची राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा, पास नसेल तर फिलॉसॉफीतलं करिअर विसर, आणि त्या परीक्षेला युरोपियन नागरिकत्व लागतं म्हणजे माझं दार बंदच. दोन वर्षं त्याच टेन्शनमध्ये गेली. मग कळलं की युनिव्हर्सिटीत मेत्र द काँफेरांस, म्हणजे कायमस्वरूपी प्राध्यापकीची पहिली पायरी, व्हायला नागरिकत्वाची अट नाहीये, पीएचडी झाल्यावर युनिव्हर्सिटी शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या सेक्शन १७ चं, म्हणजे फिलॉसॉफीचं, क्वालिफिकेशन घेऊन अर्ज करता येतो. मला हे कुणी आधी सांगितलं नाही म्हणून लिहितेय.

माझा विषय फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर. १९४० ते ४५ जर्मनांच्या कैदेत काढलेला हा माणूस १९९० मध्ये लिहितो की एथिक्स म्हणजे दुसऱ्यांसोबत, दुसऱ्यांसाठी, न्याय्य संस्थांमध्ये चांगलं जगायची ओढ. यातल्या मधल्या तुकड्याला तो 'सोलिसित्यूद', म्हणजे दुसऱ्याविषयीची आस्था, म्हणतो, माझा अख्खा थिसिस त्या एका शब्दावर.

व्हायव्हा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, साडेतीन तास चालला. ज्युरीतल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणाल? मी 'कळवळा' म्हटलं आणि तुकोबांची लाभाविण प्रीती समजावली. त्या म्हणाल्या, मग हे लेव्हिनास या दुसऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या जास्त जवळ जातं ना, तिथे दुसऱ्याची हाक आधी, परतफेडीचा प्रश्नच नाही, रिकरला तर देण्याघेण्यात तोल हवा असतो. मी अडखळले. मग आजी आठवली, शेवटच्या आजारपणात आई तिचं सगळं करायची आणि आजी नुसती तिचा हात धरून पडून असायची, पण आई म्हणायची त्या हातानेच मला धीर येतो. तेच सांगितलं, की कळवळा परतफेड मागत नाही पण मिळतं, दुबळ्या माणसाकडूनही मिळतं, आणि रिकर नेमकं हेच म्हणतो. हे उत्तर मला आजही पटतं.

क्वालिफिकेशनच्या फाइलमध्ये जीव असतो तो या व्हायव्हाच्या रिपोर्टमध्ये, आणि त्यावर ज्युरीच्या सह्या लागतात. माझा व्हायव्हा नोव्हेंबरअखेर, मुदत डिसेंबरात, एक सही येता येईना, रोज मेल करत होते, रात्र रात्र झोप नाही. तुम्ही जमलं तर ऑक्टोबरातच उरका. पुढे समितीने नेमलेले दोन परीक्षक फाइल वाचतात, इंटरव्ह्यू नसतो.

मिळालं एकदाचं! पण ही नोकरी नव्हे, फक्त अर्ज करायचा हक्क, प्रत्येक पोस्टची कमिटी वेगळी. तीन ठिकाणी अर्ज टाकलेत, एकीकडून बोलावणं आलंय, वीस मिनिटं देणारेत. सुरुवात आजीच्या हातापासून करणार आहे.