बोहोची माती: चौथ्या दिवशी परत येणार असाल तरच उचला

उत्तर आयर्लंडमधल्या बोहो गावात एका धर्मगुरूच्या कबरीची माती दुखणं बरं करते, अशी श्रद्धा आहे. त्या मातीसाठी जाणार असाल तर जवळच्या एनिस्किलन गावाहून बोहोला चालत जाऊ नका. "छोटासा फेरफटका आहे" असं मला सांगितलं होतं, ते साफ खोटं निघालं. अंतर दहा-बारा किलोमीटर. रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्ही बाजूंना डोक्याइतकी झुडपं, आणि वळणावर अचानक ट्रॅक्टर समोर. भर पावसात तीनदा चरात उतरावं लागलं. येताना टॅक्सीवाल्याने 40 पौंड घेतले. युरो चालत नाहीत. भाडं बसण्याआधीच ठरवा, परतीचंही.

डब्लिनहून एनिस्किलनपर्यंतची बस सोपी आहे. पण उत्तर आयर्लंड, म्हणजे बोहोही, ब्रिटनच्या हद्दीत येतं. वाटेत पासपोर्ट कुणी बघत नाही म्हणून व्हिसा लागत नाही, असं आपल्यातले बरेच जण समजतात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये चालणारा व्हिसा हवाच, आयर्लंडचं रहिवासी कार्ड पुरत नाही.

चर्चच्या आवारातच दफनभूमी. तिथे फादर जेम्स मॅकगर यांची कबर आहे. ते 1815 मध्ये वारले. माझ्या हातून जे बरं होत होतं ते माझ्या अंगावरची मातीही बरं करेल, असं ते मरताना म्हणाल्याचं गावात सांगतात. चमचाभर माती कापडात बांधायची, प्रार्थना करून उशाखाली ठेवायची आणि चौथ्या दिवशी जिथली तिथे परत टाकायची. नाही टाकली तर अनिष्ट घडतं, असं मानतात.

2018 मध्ये स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्याच मातीतून स्ट्रेप्टोमायसिस जातीचा नवा जिवाणू वेगळा केला. औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. पण तेवढ्यावरून कुणी ही माती जखमेला लावू नये, पोटात तर मुळीच घेऊ नये. प्रयोगशाळेतलं यश म्हणजे औषध नव्हे.

आईने फोनवर गुडघ्यांसाठी चिमूटभर मागितली होती. समाधीचा अंगारा आणतात तसंच तिला वाटलं. मी पुडी बांधलीसुद्धा. तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या, रुमालातली माती कबरीवर सोडली, हाताने सारखी केली आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. परदेशातली माती परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही, आणि चौथ्या दिवशी मी पुन्हा तो रस्ता तुडवणार नव्हते. पुडी सोडून माती जागेवर टाकली. आईला संध्याकाळी तसं सांगितलं. "बरं केलंस," म्हणाली.